आईचं नाक आणि आमची आमटी

आमच्या घरात स्वयंपाक चाखायचा नाही असा नियम होता. ताटावर बसल्यावर पोटभर खा, पण पातेलं गॅसवर असताना, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी, चमच्याचं टोकसुद्धा जिभेला लावायचं नाही. उष्टं होतं. हा नियम साताऱ्याकडच्या आमच्या गावातला. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, पनवेलजवळ नावड्याच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आले, तेव्हा देव्हाऱ्याबरोबर तोही टेम्पोतून आला. देव्हाऱ्यासाठी भिंतीला खिळा मारायच्या आधीच नियम लागू झाला होता.

मग आई स्वयंपाक करायची कशावरून? नाकावरून. मिठाचं तिच्या हाताला पाठ होतं, बाकी सगळं नाक बघायचं. शेंगदाणे भाजून झाले हे तिला दुसऱ्या खोलीत कळायचं. "बास कर, उतरव," ती तिथूनच ओरडायची. डाळ शिजली की कच्चट वास जातो आणि गोडसर वास येतो म्हणायची. मला लहानपणी तो गोडसर वास कधीच आला नाही. मी डाळीचा दाणा दाबून बघायचे, ती नुसती वाफेवरून सांगायची. कॉलनीतल्या बायका लोणच्याच्या बरण्या घेऊन यायच्या, आई झाकण उघडायची, एकदा नाकाशी न्यायची आणि निकाल द्यायची. टिकेल. नाही टिकणार, आठवड्यात संपवा.

दुसरा नियम दादांचा. अन्नाला नावं ठेवायची नाहीत. दादा वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी होते, दिवसभर मिरचीची, धण्याची पोती पाठीवर घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की दारातच सगळ्यांना शिंका. असा माणूस ताटावर बसला की जे असेल ते खाणार, ताट स्वच्छ करणार, हात जोडणार आणि उठणार. चांगलं झालंय हेही नाही, वाईट झालंय हेही नाही. लहानपणी त्यांनी एकदा भाजीला नाक मुरडलं म्हणून त्यांच्या वडिलांनी त्यांना ताटावरून उठवलं होतं, ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं. मला हा प्रकार लहानपणापासून पटत नव्हता. तोंड दिलंय कशाला मग? पण आमच्याकडे माझ्या मताला कोण विचारतो.

मी पुण्याला होस्टेलवर राहून कोर्स केला आणि नोकरी लागली ती वाशीतच. बॅग घेऊन घरी परतले तो होळीनंतरचा आठवडा. होस्टेलच्या मेसमधल्या पाणचट डाळीनं जीव विटला होता, कधी एकदा आईच्या हातचं खाते असं झालेलं. आईनं ज्वारीची भाकरी, मुगाच्या डाळीची आमटी आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली काकडीची कोशिंबीर केली. मी घास घेतला आणि थांबले.

आमटीला करपट वास होता. डाळ बुडाला लागलेली. कोशिंबिरीचा कूट खवट. मी दादांकडे बघितलं. दादा भाकरी मोडत होते, आमटीत बुडवत होते, खात होते. चेहऱ्यावर काहीही नाही.

"आई, डाळ लागली का गं?" मी विचारलं.

दादांनी मान वर केली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. आई म्हणाली, "लागली? न्हाई गं. मध्येच हलवली की मी."

त्या आठवड्यात दूध उतू जाऊन शेगडीवर जळालं आणि आई तिथून दोन हातांवर बसून मेथी निवडत होती. ताकाला वास मारत होता. एके दिवशी फोडणीत हिंग इतका पडला की भाजीतला नवलकोल कुठला आणि हिंग कुठला कळेना. आई सगळ्यात शेवटी जेवायची आणि म्हणायची, "तोंडाला चवच न्हाई बघ. ती सर्दी झाल्यापासनं." मोठी सर्दी झाली होती म्हणे तिला दिवाळीच्या सुमारास, बरेच दिवस चाललेली. सर्दीत तोंडाची चव जाते हे कुणालाही माहीत असतं, म्हणून कुणी पुढं विचार केला नाही. तिनंही नाही.

मला कळलं ते वाऱ्यामुळं. संध्याकाळी वारा तळोज्याकडून फिरला की कॉलनीत कंपन्यांचा वास यायचा. सडक्या अंड्यासारखा, घशात बसणारा. त्याची इतकी सवय झाली होती की कुणी आरडाओरडा करत नसे. नुसत्या धडाधड खिडक्या लागायच्या, एका बिल्डिंगीच्या मागून दुसरीच्या. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर सुटून येत होते, नाकाला ओढणी लावलेली. सगळ्या खिडक्या बंद. आमची एकटी सताड उघडी, आणि खिडकीत आई उन्हात वाळवलेल्या कुरडया परडीत भरतेय, निवांत.

वर गेले. चप्पल काढली आणि सरळ हिंगाची डबी उचलली.

"आई, डोळे मीट."

"काय पोरखेळ हाय गं? कामं पडल्यात."

"मीट गं एकदा."

तिनं मिटले. मी डबीचं झाकण काढून तिच्या नाकाखाली धरली. हा खडा हिंग होता, मसाला मार्केटातला. मला स्वतःला हात लांब करून धरायला लागत होता.

आई डोळे मिटून थांबली. मग म्हणाली, "आण की लवकर."

"आणलंय आई."

तिनं डोळे उघडले. नाकाखालची डबी बघितली. ती हातात घेतली, पुन्हा नाकाशी नेली, खोल श्वास घेतला. मग चहाची बरणी उघडली. मग गरम मसाल्याची. मग धुवायला टाकलेला दादांचा सदरा उचलून तोंडाला लावला आणि तसाच धरून खाली बसली.

"तरीच," ती म्हणाली. "मला वाटलं, हे हल्ली मार्केटातच अंघोळ करून येत्यात."

मला रडू फुटलं. आईला नाही. ती सदऱ्याची घडी घालत बसली, मळक्या सदऱ्याची.

पनवेलच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून बघितलं. सर्दीत आतली नस दुखावली असेल, म्हणाले. वास परत येईल किंवा येणारही नाही, काही सांगता येत नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळतं, ते जाणार नाही. थेंब लिहून दिले. आणि उठता उठता सहज विचारलं, "गॅस लीक झाला तर घरात दुसरं कुणी असतं ना?"

घरात दुसरं कुणी नसायचं. मी आणि दादा सकाळी आठला बाहेर. दादांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि म्हणाले, "आता तू गॅसपाशी जायचं न्हाई. नावडे गावातली एक बाई दोन वेळचा स्वयंपाक करून देती, मी बोलतो तिच्याशी."

आईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला वेगळंच हवं होतं. "माझा स्वयंपाक कधीपासनं बिघडलाय?" तिनं विचारलं.

दादा पुन्हा रेग्युलेटर चाचपायला लागले.

"कधीपासनं ते सांगा की."

"दिवाळीनंतर," दादा म्हणाले. "पण एवढं काय न्हाई."

"दिवाळीनंतर! आन् तुमी खात बसला? मूग गिळून?"

"अन्नाला काय नावं ठेवायची?"

"अन्नाला कोण म्हणतंय!" आईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मला सांगायचं हुतं, मला! पाव्हण्याच्या घरी जेवल्यावर माणूस बोलत न्हाई. आमटी करपली तरी गप खातंय आन् उठतंय. मी तुमची पाव्हणी हाय का?"

खरं सांगायचं तर दादांनी ते तिचं मन राखायलाच केलं होतं, आणि आई नेमकी त्यावरच पेटली होती. नाक गेल्याचं दुःख तिनं अर्ध्या दिवसात गिळलं. हे गिळेना. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. बाहेरच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसायची.

बाई पुढच्या सोमवारपासून येणार होती. तोवर स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि पहिल्या दिवशी माझी भाकरी तव्यावर जाताना चार तुकड्यांत गेली. आई बाहेरून बघतही नव्हती. मी फोडणीला तेल ठेवलं, मोहरी टाकली, लगेच हिंग उचलला.

"थांब," भिंतीकडून आवाज आला. "मोहरी बोलतीय अजून."

मी थांबले. तडतड चढली, मग उतरली, मग तुरळक झाली.

"आता गॅस बारीक कर. आता हिंग. आता कडीपत्ता, पाणी झटकलेला टाक, न्हाईतर अंगावर यील."

तिनं हे नुसतं कानानं सांगितलं होतं. तिच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ती भिंतीकडून वळून बसली. दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन बसली. तिसऱ्या दिवशी मला हातानं बाजूला सारून म्हणाली, "सरक. पिठाचं वाटोळं करतीस."

पीठ जुनं होतं. दळून बरेच दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते, म्हणजे त्याला चिकटपणा राहत नाही आणि भाकरी चिरते. तिनं पाणी खळखळ उकळवलं, पिठात ओतलं, उलथण्यानं हलवून झाकून ठेवलं आणि कोमट झाल्यावर मळलं. मळायचं म्हणजे किती, तर तळव्याला पीठ चिकटायचं थांबेपर्यंत. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकायच्या आत उलटायची. सुकलं तर फुगणार नाही. यात नाकाचं काम कुठं आहे? नाहीच. ती हे सगळं पूर्वीपासून हातानंच करत होती, फक्त तिला वाटायचं नाक करतंय.

मग ती एकेक गोष्ट पुन्हा शिकत गेली. मला गंमत वाटायची आणि जीवही तुटायचा. शेंगदाण्यांचा वास येईना, तर दाणा चिमटीत धरून चोळायचा. साल आपसूक सुटली की झालं, आणि कढई उतरवल्यावरही दाणे तिच्या उष्णतेनं भाजत राहतात म्हणून लगेच ताटात पसरायचे. कूट थोडाच करायचा, आठवड्यापुरता, म्हणजे खवट व्हायला वेळच मिळत नाही. दुधाच्या पातेल्यात तळाला छोटी स्टीलची बशी पालथी टाकायची. उकळी आली की ती खडखड वाजते, माणूस शेजारच्या खोलीत असला तरी धावत येतो. डाळ जाड बुडाच्या पातेल्यात, आणि उलथणं तळावर घासून बघायचं, खरखर लागलं की गॅस बंद आणि वरची डाळ अलगद दुसऱ्या भांड्यात, तळाला न खरवडता. काल उरलेल्या आमटीत चमचा बुडवून उचलायचा. तार सुटली किंवा बारीक बुडबुडे दिसले की टाकून द्यायची, हळहळायचं नाही. गॅसच्या नळीला आणि रेग्युलेटरला रोज साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला तर गळती. आणि काम झालं की नुसती शेगडी नाही, रेग्युलेटर बंद. हे तिला खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलानं दाखवलं, तो गॅसच्या दुकानात कामाला होता. आई रोज इतका फेस काढायची की सिलिंडरची अंघोळ चाललीय असं वाटावं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट देवाची. जीभ शाबूत होती, पण चाखायची बंदी. मी म्हटलं, "मी वास घेऊन सांगते की." तर म्हणे आपसूक आला तो वास वेगळा, मुद्दाम वाकून घेतला तर उष्टंच, फूल हुंगून वाहतात का? डोक्यात तिडीकच गेली माझ्या. मी म्हटलं, देवाला करपलेली आमटी चालली इतके महिने, तो काही बोलला का? आई म्हणाली, "त्यो बी ह्यांच्यासारखाच." आणि हसली. त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंघोळ करून देव्हाऱ्यापुढं वाटीत दूध-साखर ठेवली. हात जोडले. मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजपासनं तुमी हे खाऊन घ्यायचं आधी. माझा नाईलाज हाय." मग आत गेली, आमटीचा चमचा भरला, फुंकर घातली आणि चाखला. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या चेहऱ्यावर भलतीच चोरी केल्याचा भाव होता.

दादांना हे सगळं दिसत होतं. फेसही त्यांनी स्वतः तपासला. गॅसचं टेन्शन कमी झालं, पण सोमवारची बाई त्यांनी रद्द केली नाही, आणि गंमत म्हणजे आईनंही करा म्हटलं नाही. मीच शनिवारी विषय काढला. आई म्हणाली, "हात हाय, कान हायती, जीभ हाय. पण वास न्हाई तो न्हाई. कुठंतरी चुकणार, आन् मला कळणार न्हाई. सकाळी तू सांगशील. रोज रात्री तुला यायला उशीर, तवा जेवायला हे एकटेच. सांगणारं माणूस घरात असलं तर मी करीन. नसलं तर यिऊ द्या ती बाई. मला फसवून जेवू घालायचं न्हाई कुणाला."

"सांगंन की," दादा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मलाही भरवसा वाटला नाही. ताटावर तोंड उघडायचं नाही हे ज्या माणसाच्या अंगात भिनलंय, तो सांगेन म्हणतो म्हणून सांगेल थोडाच? आणि आईचं स्वयंपाकघर गेलं असतं तर तिच्याकडे दुसरं काय होतं? ती नोकरी करत नव्हती, वाचत नव्हती, देवळात फारशी जात नव्हती. तिला चार माणसं मान द्यायची ती या एका गोष्टीसाठी. कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेली आई मी एकदा बघितली होती. ते जन्मभर बघायची माझी तयारी नव्हती.

रविवारी दुपारी आईनं एकटीनं स्वयंपाक केला. मला आत येऊ दिलं नाही. देवानं त्याचं दूध-साखर सकाळीच घेतलं होतं. भाकरी, मेथीची भाजी, आमटी, कांदा. आमटीचा वास बाहेरपर्यंत आला आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, तोच पूर्वीचा वास. तिनं ताटं वाढली. वर डाव्या बाजूला चिमूटभर मीठ, लिंबाची फोड. एरवी वाढायला उभी राहायची ती आमच्या समोर पाटावर बसली.

मी घास घेतला. आमटीत मीठ नव्हतं. कमी नव्हे, अजिबात नव्हतं. मी तोंड उघडणार तोच आईनं माझ्याकडे बघितलं, आणि मी उघडलेल्या तोंडात भाकरी कोंबली.

मीठ विसरेल ती आई नाही. आणि चाखून तिला मीठ कळत होतं, नाकाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तिनं मुद्दाम केलं होतं.

दादांनी पहिला घास खाल्ला. चावला. गिळला. दुसरा घास मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग त्यांचा हात थांबला. बोटं ताटातल्या मिठाकडे गेली. चिमूट घ्यायची, आमटीत टाकायची, बोटानं ढवळायचं, विषय संपला. जन्मभर त्यांनी हेच केलं असणार. आई त्यांच्या बोटांकडे बघत होती. मी माझ्या ताटाकडे बघायला लागले, मला बघवेना.

बोटं मिठापाशी गेली आणि परत आली. दादा पाणी प्याले. कान लाल झाले होते. खाली मान घालूनच, ताटाला सांगितल्यासारखं, ते म्हणाले, "आमटीत मीठ न्हाई."

आई पाटावरून थोडी पुढं सरकली.

"इसरलीस का?" त्यांनी घाबरत विचारलं.

"इसरले न्हाई," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत. तिनं दादांची वाटी उचलली, आमटी परत पातेल्यात ओतली, मीठ घातलं, ढवळलं, चाखलं आणि पुन्हा वाढली.

"जेवून झालं की गावात जाऊन या," ती म्हणाली. "त्या बाईला सांगा, उद्या यिऊ नको म्हणावं."